बोटीला भोकं किती?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून मधुमेहापर्यंत सगळे विषय झाले. जुन्या शिडाच्या बोटीची डागडुजी हा विषय मात्र बहुधा पहिलाच. कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला, आम्ही सांगितला, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "चालेल, पण अर्ध्या तासात आटपा, नंतर आरती आहे." तेव्हा प्रस्तावना करत नाही. बोलणारा इथे एकटा दिसत असला तरी काम चौघांचं आहे, पूर्वी पाचांचं होतं, म्हणून सगळं 'आम्ही' असंच येईल.

आमची बोट ३१ फूट लांब आहे. परदेशात १९७८ साली साच्यात ओतलेली, फायबरची. एक डोलकाठी, दोन शिडं, आत चार माणसं झोपतील एवढी जागा, एक ओटा, एक स्टोव्ह, उभं राहून दाढी करता येईल एवढं न्हाणीघर आणि दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन. शर्यतीची नव्हे, चार दिवस घेऊन निघावं आणि बंदरं करत हिंडावं अशा जातीची. २०१५ साली मुंबईच्या एका निवृत्त गृहस्थांकडून आम्ही ती पाच जणांत मिळून घेतली. तिचं मूळ नाव घरात कुणालाच नीट उच्चारता येईना. ती आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, म्हणून मुलांनी तिचं नाव 'आजी' ठेवलं आणि तेच टिकलं.

जुनी बोट कशाला, नवीन का नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला जातो. नवीन परवडत नाही हे एक उत्तर झालंच. पण दुसरंही आहे. फायबरच्या बोटी बांधायला लागले तेव्हा कारखान्यांना त्या मालाचा भरवसा नव्हता, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या बोटींचं अंग जाडजूड घातलेलं असतं. फायबर लाकडासारखं कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. म्हणून पन्नास वर्षांच्या बोटी आजही पाण्यात आहेत. म्हातारं होतं ते तिच्यावर बसवलेलं बाकी सगळं.

जुन्या बोटींनी काय केलंय त्याची दोनच उदाहरणं देतो. जोशुआ स्लोकम नावाच्या अमेरिकन कप्तानाला 'स्प्रे' नावाची एक जुनी बोट एकाने जवळजवळ थट्टेने दिली. ती एका शेतात आधारांवर कुजत उभी होती. स्लोकमने तेरा महिने राबून ५५३ डॉलर ६२ सेंटमध्ये ती पुन्हा बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने केलेली ती जगातली पहिली. सेंटपर्यंत हिशेब ठेवणारा माणूस, म्हणून आम्हांला तो फार आवडतो. दुसरं उदाहरण आपल्याकडच्या अभिलाष टॉमींचं. २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा, की बोट १९८८च्या आधीच्या आराखड्याचीच हवी आणि जीपीएस वापरायचं नाही. त्यात ते ३६ फुटी 'बायानत' घेऊन उतरले आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकाने परत आले. हेच अभिलाष त्याआधी ज्या 'म्हादेई'वरून कुठेही न थांबता जग फिरून आले, ती आपल्या दिवाडीवर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. दिलीप दोंदे २००९-१०मध्ये गेले ते याच 'म्हादेई'वरून. पण ती नवीकोरी होती, आजच्या विषयात बसत नाही. अभिमान म्हणून सांगितलं.

आमची झेप फार तर मालवण, देवगड, एकदा विजयदुर्ग. आता आमच्या चुकीकडे येतो.

बोट घेतली त्या पहिल्या वर्षी आमच्याकडे उत्साह होता आणि सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतला उरलासुरला पैसाही होता. आम्ही काय केलं? रंग दिला. गाद्यांना नवी खोळ शिवली. नकाशा दाखवणारा मोठा पडदा आणला, त्याला बरेच पैसे गेले. गाणी लावायला स्पीकर बसवले. या सगळ्याचे फोटो फार छान आले. घेताना एका माहीतगार माणसाकडून बोटीची तपासणीही करून घेतली होती. त्याच्या अहवालात तळाच्या नळांपुढे 'ठीक' एवढा एकच शब्द होता, आणि तो शब्द वाचून आम्ही निर्धास्त झालो. त्याला दोष द्यायचा नाही. नळ हलवून, उघडून पाहणं आमचं काम होतं.

२०१७च्या फेब्रुवारीत आम्ही मालवणहून परत येत होतो. बोटीवर आम्ही तिघे आणि आमच्यातल्या एकाचा बारा वर्षांचा मुलगा. मालवण ते आग्वाद साधारण अडतीस-चाळीस सागरी मैल. दुपारी वायव्येचा वारा धरून निघालो, वारा पाठीवर, बोट मजेत चाललेली. दिवेलागणीच्या सुमारास तेरेखोलच्या समोर होतो. मुलगा बिस्किटं आणायला खाली गेला आणि पायरीवरूनच म्हणाला, "बाबा, खालच्या फळ्या तरंगतायत."

ओट्याच्या सांडपाण्याची एक इंची नळी तळाच्या नळावरून निसटली होती. पाण्याखाली दीड फुटावर एक इंचाचं भोक उघडं राहिलं तर मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी आत येतं. हा हिशेब आम्ही नंतर कागदावर केला. तेव्हा एवढंच दिसलं, की विजेचा पंप सारखा चालतोय आणि पाणी वाढतंय. त्या पंपावर ताशी दोन हजार लिटर लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला तेहेतीस, आणि तेही पाणी वर चढवावं लागत नसेल तर. नळ बंद करायला गेलो तर त्याची मूठ हातातच तुटून आली. नळी निसटण्याचं कारण तिच्यावरची पट्टी. पट्टी स्टेनलेसची, चकचकीत, पण तिचा स्क्रू साध्या लोखंडाचा. तो गंजून गेलेला. असल्या पट्ट्या बाजारात ढिगाने मिळतात आणि दिसायला अगदी अस्सल असतात.

अशा भोकात ठोकायला निमुळती लाकडी खुंटी प्रत्येक नळाशेजारी दोरीने बांधून ठेवायची असते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. खुंट्या घेतल्या नव्हत्या. शेवटी समुद्राला वाहायला आणलेल्या नारळाचं सोडण उपयोगी पडलं. ओलं सोडण पिळून, पंचात गुंडाळून, पान्याच्या मागच्या बाजूने ठोकून बसवलं. ठिबकत राहिलं, पण बसलं. मग बादल्या. तोवर तळाशी ठेवलेली बॅटरी पाण्याखाली गेली होती. दिवे गेले, रेडिओ गेला, इंजिन चालू होईना आणि तो मोठा पडदा काळा झाला. आग्वादचा दिवा डोळ्यांना दिसत होता तेवढाच. वारा पडत चालला होता. सावकाश शिडावर येऊन सिंकेरीच्या बाजूला नांगर टाकला आणि रात्रभर आळीपाळीने बादल्या भरत बसलो. घरी मोबाइलवरून "सकाळी येतो, वारा नाही" एवढंच सांगितलं. वारा नाही हे खरंच होतं.

मुलाने दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधीच आईला सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो, रागावतील या तयारीनेच. वहिनी रागावल्या नाहीत. चहा ठेवला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मला एवढंच सांगा, त्या बोटीला पाणी आत येईल अशी भोकं किती आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, सात-आठ असतील.

"सात की आठ?"

आम्हांला सांगता आलं नाही. दोन वर्षं ती बोट आमची होती, तिच्या गाद्यांच्या कापडाचा भाव आम्हांला पाठ होता.

पुढच्या रविवारी बोट ओढून वर घेतली आणि मोजलं. भोकं नऊ निघाली. ओट्याचं सांडपाणी एक, संडासाचं आत एक आणि बाहेर एक, इंजिनाच्या गारव्याचं पाणी घेणारं एक, मागच्या बैठकीत साचलेलं पाणी जाण्याची दोन, खोली मोजणाऱ्या यंत्राचं एक, पंख्याच्या दांड्याचं एक आणि सुकाणूच्या दांड्याचं एक. शेवटच्या तिघांना बंद करायला नळसुद्धा नसतो. वहिनींनी जुनी डायरी काढून प्रत्येक भोकाला एक पान दिलं. भोक कुठे, माप काय, नळ कसला, नळी कधी बदलली, पट्ट्या कधी बदलल्या. ती वही आजही त्यांच्याकडेच आहे. नोंद करून घेतल्याशिवाय मुलाला बोटीवर पाठवत नाहीत.

तुटलेल्या मुठीचा आणि नळाचा धातू आत गुलाबी होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे स्पंजासारखं सच्छिद्र तांबं राहतं. बाहेरून आकार तोच, रंग फक्त पिवळ्याचा गुलाबी होतो आणि ताकद भाजलेल्या पापडाएवढी. म्हणून समुद्राच्या पाण्यात पितळ चालत नाही, ब्राँझ लागतं, किंवा त्यासाठीच बनवलेलं मजबूत प्लास्टिक. आमच्या सहा नळांपैकी पाच गुलाबी निघाले. सगळे बदलले. प्रत्येक नळीवर दोन-दोन पट्ट्या, आणि पट्टी घेताना स्क्रूला लोहचुंबक लावून बघायचं. चिकटला तर दुकानात परत. हे अगदी पक्कं परीक्षण नाही, पण नव्वद टक्के फसवणूक त्यात सापडते. खुंट्या आता नऊच्या नऊ भोकांशी बांधलेल्या आहेत. बॅटरी तळातून काढून पायरीच्या मागे कमरेच्या उंचीवर नेली. या सगळ्याला जो खर्च आला तो त्या काळ्या पडलेल्या पडद्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

पंख्याच्या दांड्याच्या भोकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बरेच जण उलटी चूक करतात. दांडा फिरता, भोक स्थिर, मधे चरबी लावलेल्या दोरीचं पॅकिंग नटाने दाबून बसवलेलं. दांडा फिरत असताना तिथून मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यानेच ते गार राहतं. थेंब दिसला की घाबरून नट आवळत गेलं तर पॅकिंग जळतं, दांड्यावर चर पडतात आणि मग खरी गळती सुरू होते. आम्ही आवळलं होतं. मालिमच्या धक्क्यावर मासेमारी बोटींची इंजिनं करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी नुसता हात लावून, गरम लागतंय, म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी आमचं सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पाणी खंयसून येता ता आधी बघा." पॅकिंग कसं कापायचं तेही त्यांनी दाखवलं. वेटोळं घालत जायचं नाही. वेगवेगळ्या कड्या कापायच्या आणि त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत.

खालून येणारं पाणी थांबलं, पण वरून येणारं होतंच. फायबरची बोट कुजत नाही हे मघाशी सांगितलं, त्यात एक गफलत आहे. डेक, म्हणजे ज्यावर आपण चालतो ते छत, फायबरच्या दोन थरांच्या मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड घालून केलेलं असतं. ते लाकूड कुजतं, आणि उत्तम कुजतं. कठड्याचा खांब, दोर अडकवायचं कडं, जे काही वर बसवलंय त्याच्या प्रत्येक स्क्रूच्या भोकातून पावसाचं पाणी आत झिरपतं. मूळ मालकांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी हौसेने वेळोवेळी काहीबाही बसवलं आणि काढलं होतं. भोकं सिलिकॉनने बुजवली की काम झालं असं प्रत्येकाला वाटलं असावं.

कुजलेलं शोधायची रीत सोपी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत जायचं. चांगल्या जागी टण् वाजतं, कुजलेल्या जागी भद्द. आमच्या मुलांना हे काम फार आवडलं. खडूने वर्तुळं काढत गेली. संध्याकाळी डेकवर पाहिलं तर तिसरा हिस्सा खडूने भरलेला.

ते काम दोन पावसाळे चाललं. वरचा थर चौकोनात कापून उचलायचा, खालचं काळं ओलं भुसकट खरवडून काढायचं, वाळवायचं, नवा भराव इपॉक्सीत बसवायचा, तोच कापलेला थर वर ठेवून सांधे भरायचे. पावसाळ्यात ताडपत्रीखाली, घामाच्या धारा, अंगाला फायबरची खाज. ती खाज गार पाण्याने अंघोळ केली तर निघते, गरम पाण्याने आणखी आत बसते असा आमचा अनुभव. पुन्हा काहीही बसवताना आता पद्धत अशी: भोक मुद्दाम मोठं पाडायचं, ते पूर्ण इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध हव्या त्या मापाचं भोक पाडायचं. मग गळलं तरी पाणी इपॉक्सीला लागतं, लाकडाला नाही.

याच कामात डोलकाठीचं प्रकरण बाहेर आलं. डोलकाठी नुसती उभी नसते, तिला चहूबाजूंनी स्टेनलेसच्या तारांचे ताण असतात. प्रत्येक ताण खाली एका पोलादी पट्टीला अडकवलेला असतो. ती पट्टी डेकमधून आरपार जाऊन बोटीच्या भिंतीला बोल्ट केलेली असते. वर दिसणारा भाग चांदीसारखा. आत दिसणारा भागही बरा. पण डेकच्या जाडीत जो इंच-दीड इंच लपलेला असतो, तिथे ओल असते आणि हवा नसते. स्टेनलेस स्टीलचं तेज त्याच्या अंगावरच्या पातळ थरामुळे टिकतं आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. हवा बंद, ओल आणि मीठ चालू, की तो लपलेला भाग फटीफटीतून खाल्ला जातो.

आम्ही सहाही पट्ट्या काढल्या. डिप्लोमाला असताना वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंटची परीक्षा शिकवलेली, ती वीस वर्षांनी कामी आली. धातू स्वच्छ करायचा, लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर त्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर परत उमटतो. चार पट्ट्या कोऱ्या राहिल्या. दोन पट्ट्यांवर केसाएवढी लाल रेघ आली, एकीवर तर अर्ध्या रुंदीपर्यंत. तिच्याच जोरावर आम्ही विजयदुर्गाला जाऊन आलो होतो.

पट्ट्या ३१६ जातीच्या पोलादात नवीन कापून घेतल्या. ताणांच्या ताराही किती जुन्या आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्यात असं धरतात, म्हणून त्याही बदलल्या. त्या वर्षीचा हिशेब आल्यावर आमच्यातला पाचवा मित्र बाजूला झाला. भांडण झालं नाही. तो म्हणाला, "मी बोट शिडं उभारायला घेतली होती, ग्राइंडर धरायला नाही. माझ्या मुलीची फी आहे." त्याचा हिस्सा आम्ही हप्त्यांनी दिला. त्याचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. गेल्या वर्षी बोटीवर काम केलेले रविवार एकतीस होते, आणि शीड उभारलेले दिवस एकोणीस. ही वहीतली नोंद आहे.

सुधारणा, म्हणजे ज्याला हौशी लोक अपग्रेड म्हणतात, त्या आम्ही यानंतर केल्या. त्यातली सर्वात उपयोगी सर्वात साधी होती. डोलकाठीच्या टोकावरचा नांगराचा दिवा रात्रभर लावावा लागतो. जुना बल्ब २५ वॅटचा, बारा व्होल्टवर दोन अँपियरहून जास्त ओढायचा. अकरा तासांच्या रात्रीत तेवीस अँपियर-तास. तीन वॅटचा एलईडी लावल्यावर तेच काम तीनाच्या आत होतं. साध्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त वीज वापरू नये हे धरलं, तर एका दिव्याने आमची बॅटरी जवळजवळ दुप्पट झाली. मग एक सोलर पॅनेल. वायर मात्र घरगुती वापरायची नाही. खाऱ्या हवेत तांबं आवरणाच्या आतून काळं पडत जातं, म्हणून कथिलाचा लेप दिलेली वायर घ्यायची. रेडिओ नवा घेतला आणि त्याच्या शेजारी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर रंगवून ठेवला. नकाशाचा पडदाही परत आला, लहानसा. लिथियमच्या बॅटरीवरून आमच्यात अजून दोन पक्ष आहेत, तो वाद आरतीच्या आधी संपणार नाही.

एक नांगराचं सांगतो, कारण आपल्यापैकी काही जण होडीतून मासे धरायला जातात. साखळी किती सोडायची? खोलीच्या पाचपट, असं सगळे सांगतात. पण कुठली खोली? ओहोटीला चार मीटर दिसली, म्हणून आम्ही वीस मीटर सोडून झोपायचो. आपल्याकडे भरती दोनेक मीटर चढते. शिवाय बोटीचं नाक पाण्याच्या वर एक मीटर. म्हणजे सात, आणि सातची पाचपट पस्तीस. वीस मीटरवर आम्ही इतकी वर्षं सरकलो नाही ते मांडवीतल्या चिखलाच्या कृपेने.

आता या वर्षीचं.

मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे बोट वर घ्यावीच लागते. मांडवीच्या तोंडावरचा रेतीचा बांध पावसाळ्यात फुटणाऱ्या लाटांनी बंद होतो, दर्यात जाणं येणं संपतं. दसऱ्याच्या आसपास पाण्यात परत. यंदा वर घेतली आणि तळ खरवडला, तेव्हा रंगाखाली फोड दिसले. रुपयाएवढे, चाळीसेक. एक फोडला तर आतून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरचा वास. फायबरच्या बाहेरच्या तुळतुळीत थरातून वर्षानुवर्षं पाणी सूक्ष्म प्रमाणात आत जातं, आतल्या न मुरलेल्या रसायनात मिसळून आंबट द्राव होतो आणि तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो. याची पूर्ण चिकित्सा म्हणजे तळाचा सगळा वरचा थर सोलायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं, काही महिने वाळवायचं आणि इपॉक्सीचे थर द्यायचे. वाळवायचं, आणि तेही गोव्याच्या जुलैमध्ये. इथे घरातले कपडे वाळत नाहीत.

आम्ही चाळीस फोड तेवढे उघडले, घासले, रोज नळाच्या पाण्याने धुतले. वर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून ठेवलं आहे. सकाळी त्याच्या आत दव दिसलं तर अजून ओल आहे. रोज एक जण जाऊन बघतो. फोडांनी बोट सहसा बुडत नाही, हे आमचं मत. इंटरनेटवर फोडांची भीती फार घातलेली असते, कारण त्यांचे फोटो चांगले येतात.

भीती आहे ती सुकाणूची. सुकाणूचं पातं म्हणजे फायबरच्या दोन करवंट्या, आत फोम, आणि फोममध्ये दांड्याला वेल्ड केलेल्या पोलादी पट्ट्या. दांडा जिथे पात्यात शिरतो तिथून पाणी आत जातं, आणि मग चेनप्लेटची तीच कथा. ओल, अंधार, हवा नाही. बाहेरून काही कळत नाही. तो बारा वर्षांचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनियरिंगला आहे. त्यानेच जुलैत पात्याच्या खालच्या टोकाला सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. तपकिरी पाणी यायला लागलं. तपकिरी म्हणजे आत काहीतरी गंजतंय.

या दिवाळीनंतर त्याला आपल्या दोन मित्रांना घेऊन विजयदुर्गाला जायचं आहे. आमच्याशिवाय. पाच वर्षं शिकतोय, नांगर टाकणं आमच्यापेक्षा नीट जमतं, नऊही भोकं डोळे मिटून दाखवतो. त्याच्या वडिलांनी हो म्हटलं, वहिनींनी वहीत सुकाणूच्या पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. आता पातं उभं चिरून आतल्या पट्ट्या बघायच्या का, हा प्रश्न आहे. चिरलं तर दसऱ्याला बोट पाण्यात जात नाही, कदाचित नाताळही उजाडेल. न चिरता भोक बुजवलं तर वेळेवर जाते. नवं पातं बाहेरून मागवायचं तर चौघांच्या खिशात मिळून तेवढे पैसे नाहीत. गेल्या रविवारी आम्ही चौघांनी मत घेतलं, दोन विरुद्ध दोन झालं. मग मुलाला विचारलं. तो म्हणाला, "चिरूया. मी जानेवारीत जाईन."

तेव्हा येत्या रविवारी, विसर्जनानंतर, सकाळी आठ वाजता सुकाणू चिरायचं ठरलं आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर यावं. जुने कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे. तोंडाला बांधायला काहीतरी आणा. दुपारचा डबा आपापला आणावा, चहा आमच्याकडे.